सरकारी संस्थेचा पाच वर्षांचा आयटी आराखडा: खरेदीची यादी होऊ नये म्हणून काय करावे? (मंचावरची चर्चा; प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

कच्चा_मसुदा

नमस्कार. एका सरकारी संस्थेसाठी पुढच्या पाच वर्षांचा माहिती तंत्रज्ञानाचा आराखडा तयार करायचा आहे. मुख्यालय, साठेक शाखा कार्यालये, बाराशेच्या आसपास वापरकर्ते आणि लहानमोठ्या चाळीस सिस्टिम असा पसारा आहे. काही सिस्टिम बाहेरच्या कंपन्यांनी केलेल्या, काही आतल्याच लोकांनी. अर्ज नोंदवून रक्कम ठरवणारी मुख्य सिस्टिम अजून व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस साधनावर चालते. आयटी कक्षात कायम माणसे सात.

आधीचा आराखडा हाताशी आहे, पण तो म्हणजे इतके संगणक, इतके सर्व्हर, एक पोर्टल, एक मोबाइल ॲप अशी जंत्री. कशासाठी घ्यायचे, कशाच्या आधी घ्यायचे आणि घेतल्यावर चालवणार कोण, यावर त्यात एक ओळही नाही. विचारायचे आहे ते असे:

१. सुरुवात कुठून करावी? उद्दिष्टे आधी ठरवावीत की आहे त्याची मोजदाद आधी?
२. अंदाजपत्रकात चालू खर्च आणि नवी कामे यांची वाटणी कशी करतात?
३. फॉक्सप्रोवाली सिस्टिम एकदम बदलावी की टप्प्याटप्प्याने?
४. वरिष्ठांची बदली झाली की आराखडा बासनात जातो. यावर काही इलाज?

सल्लागार नेमावा का, हेही ठरायचे आहे. 'डिजिटल परिवर्तन' हे शब्द न वापरता कुणी सांगितले तर फार बरे.

---

मूळनोंद

मोजदाद आधी. पण विभागांना 'आपल्याकडील सिस्टिमची माहिती विहित नमुन्यात कळवावी' असे पत्र पाठवून ती होत नाही. आठवेल तेवढे लिहून येते आणि नेमक्या धोक्याच्या गोष्टी सुटतात. चार ठिकाणांहून स्वतंत्र याद्या काढा आणि एकमेकींशी ताडून बघा.

पहिली यादी लेखा शाखेतून. मागच्या तीन वर्षांत आयटीशी संबंधित जी देयके निघाली ती सगळी: लायसन्स, एएमसी (वार्षिक देखभाल करार), होस्टिंग, एसएमएस सेवा, डोमेन नूतनीकरण. आयटी कक्षाला ठाऊक नसलेल्या सिस्टिम इथे हमखास सापडतात, कारण पैसे कुणीतरी भरतच असतो.

दुसरी नेटवर्कच्या स्कॅनमधून आणि फायरवॉलच्या नोंदींतून. तिसरी डोमेन आणि टीएलएस प्रमाणपत्रांची (संकेतस्थळाची ओळख पटवून जोडणी सुरक्षित ठेवणारी प्रमाणपत्रे). सार्वजनिक प्रमाणपत्र जारी झाले की त्याची नोंद सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या खुल्या लॉगमध्ये जाते. तिथे संस्थेच्या डोमेनने शोधले की कुठल्या उपडोमेनवर कधी काय उभे राहिले ते दिसते.

चौथी यादी सगळ्यांत कष्टाची. दर महिन्याला वर जाणारे अहवाल घ्या आणि त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला ते उलटे शोधत जा. सिस्टिममधून निर्यात केलेली फाइल, मग कुणाच्या तरी संगणकावरची एक्सेल शीट, त्यात हाताने केलेल्या दुरुस्त्या, मग अहवाल. ती शीट ही सुद्धा एक सिस्टिम आहे, फक्त तिचा बॅकअप कुणी घेत नाही. ती नोंदवहीत आलीच पाहिजे.

प्रत्येक सिस्टिमपुढे निदान एवढे रकाने भरा: कुठली सेवा हिच्यावर अवलंबून आहे, मालक कोण (हुद्दा लिहा, आयटी कक्षातला नको), डेटा कुठे राहतो, ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेसची आवृत्ती, त्या आवृत्तीचा आधार संपण्याची (म्हणजे निर्माता दुरुस्त्या देणे थांबवण्याची) तारीख, कराराची शेवटची तारीख, वार्षिक खर्च, सोर्स कोड कुणाकडे, आणि बॅकअपमधून डेटा परत आणून शेवटचा कधी पाहिला. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा राहतो. तो तसाच कोरा दाखवा, 'लागू नाही' लिहू देऊ नका.

आधार संपण्याच्या तारखा एका आडव्या कालरेषेवर मांडल्या की अर्धा आराखडा आपोआप तयार होतो. विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५, एसक्यूएल सर्व्हर २०१६ ची १४ जुलै २०२६, विंडोज सर्व्हर २०१६ ची १२ जानेवारी २०२७. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे मिळतात. सार्वजनिक टीएलएस प्रमाणपत्रांची कमाल मुदतही कमी होत जाते: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७. म्हणजे वर्षातून एकदा हाताने प्रमाणपत्र बदलण्याची पद्धत याच आराखड्याच्या काळात मोडीत निघते. नूतनीकरण स्वयंचलित करण्याचे काम आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर एखाद्या सकाळी पोर्टल उघडणार नाही आणि कारण शोधण्यात दिवस जाईल.

मग प्रत्येक सिस्टिमला दोन प्रश्न. कामाला किती उपयोगी? (हे वापरणारा विभाग सांगेल.) तांत्रिकदृष्ट्या किती धडधाकट? (हे आयटी कक्ष सांगेल.) दोन्ही चांगले तर तिच्यावर पैसे लावा. उपयोगी पण जर्जर असेल तर स्थलांतर. धडधाकट पण फारसा उपयोग नसलेली आहे तशी चालू द्या, वाढवू नका. दोन्ही वाईट तर बंद. चाळीसमधल्या चार-पाच तरी बंद करण्यासारख्या निघतील. बंद करण्याआधी तिच्यातल्या नोंदी किती वर्षे जपायच्या आहेत ते पाहा आणि त्या वाचता येतील अशा खुल्या स्वरूपात काढून ठेवा, कारण नंतर माहितीचा अर्ज किंवा न्यायालयाची विचारणा आली की बंद सर्व्हर शोधत बसावे लागते.

सहा आठवड्यांत जे हाती येईल ते घेऊन पुढे जा. शंभर टक्के यादी कधीच होत नाही.

---

खतावणी

पैशांबद्दल. 'नव्या कामांना इतके टक्के' असे प्रमाण ठरवून सुरुवात करू नका. आधी एकच ओळ काढा: पाच वर्षे काहीही नवे केले नाही तर दरवर्षी किती लागतील? लायसन्स, एएमसी, नेटवर्क, होस्टिंग, कंत्राटी माणसे आणि जुनी होणारी यंत्रे बदलणे. ही पायाभूत रक्कम उपलब्ध निधीतून वजा केल्यावर जे उरते तेवढेच नव्या कामांना असते, आणि ते नेहमी वाटले होते त्यापेक्षा कमी निघते. अमेरिकेच्या संघीय सरकारचा आयटीवरचा खर्च वर्षाला शंभर अब्ज डॉलरच्या वर आहे आणि तिथल्या लेखापरीक्षण संस्थेच्या म्हणण्यानुसार त्यातला सुमारे ८० टक्के आहे ते चालवण्यातच जातो. तेव्हा आपल्याकडे ७५ टक्के निघाले तर हबकून जायचे कारण नाही.

बाराशे संगणक एकाच वर्षी घेतले तर पाच वर्षांनी सगळे एकाच वर्षी म्हातारे होतात आणि नेमका त्या वर्षी निधी नसतो. दरवर्षी २४० बदला. यूपीएसच्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांत जातात. साठ शाखांमध्ये त्या किती होतात ते मोजून स्वतंत्र ओळीत लिहा, ही बाब जवळजवळ प्रत्येक आराखड्यात विसरलेली असते.

नवी सिस्टिम घेताना खरेदीची रक्कम १०० धरा. पहिले वर्ष हमीत गेले आणि पुढे दरवर्षी २० टक्के देखभाल दिली तरी पाच वर्षांत १८० होतात. त्यावर डेटा स्थलांतर, प्रशिक्षण, दोन सिस्टिम एकत्र चालवण्याचा काळ, सुरक्षा तपासणी. ही १८०+ ची रक्कम प्रस्तावात आली नाही की तिसऱ्या वर्षी एएमसी थकते आणि चांगली चालणारी सिस्टिम पॅचशिवाय (निर्मात्याच्या दुरुस्त्यांशिवाय) पडून राहते. भांडवली लेखाशीर्षातून पैसे लवकर मिळतात, महसुली खर्चासाठी कुणी उत्साह दाखवत नाही, हे खरे मूळ दुखणे. क्लाउडवर गेलात तर हे आणखी टोचते, कारण एकरकमी खरेदीचा दरमहा खर्च होतो. लेखाशीर्षाचा प्रश्न वित्त विभागाशी निविदेच्या आधी मिटवा.

अंदाज फुगतात याचीही तरतूद हवी. ब्रिटनच्या अर्थखात्याच्या 'ग्रीन बुक'सोबतच्या पूरक मार्गदर्शनात उपकरणे आणि विकसन या गटातल्या प्रकल्पांसाठी भांडवली खर्चाच्या अंदाजात १० ते २०० टक्क्यांपर्यंत वाढ धरायला सांगितले आहे. २०० टक्के! इमारतींच्या गटांपेक्षा ही मर्यादा कितीतरी वरची आहे. काम जसजसे स्पष्ट होत जाईल तशी ही तरतूद उतरवायची असते.

आणि कालगणना उलटी करा. आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या सहा-आठ महिने आधी मागणी जाते. मागणीसाठी खर्चाचा अंदाज त्याआधी दोन महिने. निधी आल्यावर निविदा प्रक्रियेला सहा महिने सहज. आज सुचलेल्या कामाचा कार्यादेश निघायला दीड वर्ष लागते असे धरा. त्यामुळे आराखड्याच्या पहिल्या दीड वर्षात फक्त मंजूर पैशांत होणारी कामे टाका: नोंदवही, बॅकअपची चाचणी, करारांची दुरुस्ती, जुन्या सिस्टिम बंद करणे. पहिल्या वर्षात नवे पोर्टल दाखवणारा आराखडा पहिल्याच आढाव्यात मागे पडलेला दिसतो.

वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत हार्डवेअर घेण्याची सवय असेल तर हमीची मुदत पुरवठ्याच्या तारखेपासून धरू नका, बसवून स्वीकृती दिल्याच्या तारखेपासून धरा. खोक्यात पडलेल्या सर्व्हरची हमी खोक्यातच संपते.

---

कच्चा_मसुदा

दोघांचेही आभार. दीड वर्षाचा हिशेब डोक्यातच आला नव्हता.

फॉक्सप्रोबद्दल थोडे अधिक: टेबले सामायिक फोल्डरमध्ये, नऊ शाखा थेट त्यावर, बाकीच्या शाखा महिन्याला फाइल पाठवतात. नियम कुठेही लिहिलेले नाहीत, जे आहे ते कोडमध्ये. एकच कर्मचारी ते जाणतो आणि त्याची निवृत्ती जवळ आली आहे. एका पुरवठादाराचे म्हणणे, 'सगळे एकदम करू, नऊ महिने लागतील.'

---

जुना_कोड

नऊ महिन्यांवर विश्वास ठेवू नका. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा विस्तारित आधार १३ जानेवारी २०१५ ला संपला, तेव्हा सिस्टिम बदलणे अटळ आहे. घाई मात्र नियम बाहेर काढण्याची करा, नवे सॉफ्टवेअर लिहिण्याची नंतर.

आधी तातडीचे. एका टेबलाची फाइल २ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. सर्वांत मोठी डीबीएफ (टेबलाची) आणि एफपीटी (मेमो, म्हणजे लांब मजकुराची) फाइल आज केवढी आहे आणि महिन्याला किती वाढते ते बघा, हीच तुमची खरी मुदत. शिवाय मध्ये डेटाबेस सर्व्हर नाही, त्यामुळे फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार असलेला कोणीही दुसऱ्या साधनाने टेबल उघडून रक्कम बदलू शकतो आणि माग राहत नाही. अधिकार आजच कमी करा आणि रोज रात्रीची प्रत वेगळ्या ठिकाणी न्या.

जाणकार कर्मचाऱ्यासोबत दोन माणसे बसवा: एक कोड वाचू शकणारा, एक त्या विषयाचे शासन नियम जाणणारा. प्रत्येक गणनेसाठी तीन रकाने: कोड काय करतो, नियम काय सांगतो, फरक असेल तर कुणाच्या आदेशाने. तिसऱ्या रकान्यात 'तोंडी सूचना' असे बरेच निघेल. त्यावर निर्णय मालक विभागाने लेखी द्यायचा, पुरवठादाराने नव्हे. नाहीतर जुनी चूक नव्या सिस्टिममध्ये नीटनेटकी होऊन बसते.

बदल असा करा. पहिला टप्पा: जुन्या टेबलांची रोजची प्रत नव्या डेटाबेसमध्ये, फक्त वाचण्यासाठी, आणि सगळे अहवाल तिथून. डेटातले दोष इथेच उघडे पडतात. फॉक्सप्रोमध्ये 'डिलीट' केलेली नोंद 'पॅक' (फाइल साफ करण्याची आज्ञा) करेपर्यंत फाइलमध्येच असते, फक्त तिच्यावर खूण असते. निर्यात करणाऱ्या साधनाने ती खूण पाहिली नाही तर वर्षानुवर्षांच्या रद्द नोंदी जिवंत होऊन येतात आणि बेरजा जुळत नाहीत. कोरी तारीख फॉक्सप्रोला चालते, नव्या डेटाबेसला चालत नाही. तिथे 'नल' (मूल्य नाही अशी खूण) टाकायचे की चूक म्हणून बाजूला काढायचे हे रकान्यागणिक ठरवा. युनिकोडपूर्व (आजच्या सामायिक अक्षरसंकेतांच्या आधीच्या) फॉन्टमध्ये टंकलेली नावे असतील तर फॉन्टगणिक वेगळा रूपांतर तक्ता लागेल. एकाच रकान्यात दोन फॉन्टचा मजकूर मिसळलेला असला तर तो माणसानेच तपासावा लागतो.

दुसरा टप्पा: अर्ज नोंदणी नव्या सिस्टिममध्ये. रकमेची गणना सर्वांत शेवटी. या सगळ्या काळात एकच नियम पाळा: कुठल्याही क्षणी एका टेबलाचा धनी एकच. दोन्ही बाजूंनी लिहिणे आणि दोन्हीकडे जुळवणे याला 'द्विदिश सिंक' असे छान नाव आहे, पण दोन नोंदी वेगवेगळ्या निघाल्या की खरी कोणती हे सांगणारा कुणी उरत नाही.

स्थलांतराच्या किमान तीन तालमी. प्रत्येकीनंतर नोंदींची संख्या, शाखानिहाय आणि वर्षनिहाय बेरजा, आणि यादृच्छिक दोनशे प्रकरणे थेट कागदाशी ताडून. समांतर चालवणे निदान एका पूर्ण चक्राचे, त्यात वर्षअखेर यायलाच हवी. प्रायोगिक शाखा निवडताना आदर्श कार्यालय घेऊ नका. एक मध्यम घ्या आणि एक सर्वांत वाईट नेटवर्कवाली.

हे टाळले की काय होते याचे ठळक उदाहरण म्हणजे कॅनडाच्या संघीय सरकारची 'फिनिक्स' वेतनप्रणाली, सुरुवात २०१६. प्रायोगिक चाचणी रद्द केली, काही कार्ये खर्च आणि वेळ वाचवायला वगळली, आणि जुनी पद्धत जाणणारे वेतन सल्लागार सिस्टिम स्थिर होण्याआधीच कमी केले. हजारो कर्मचाऱ्यांना कमी, जास्त किंवा शून्य पगार गेला. महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात याची चिरफाड केली आहे. तुमच्या त्या एका कर्मचाऱ्याला निवृत्तीनंतर मानधनावर ठेवण्याची तरतूद आराखड्यात घाला, ती सगळ्यांत स्वस्त बाब ठरेल.

---

करारकलम

+१. पुरवठादाराबरोबरच्या करारातली कलमे आराखड्याच्या पातळीवरच ठरवा, प्रत्येक निविदेत नव्याने वाद नको.

खाती संस्थेच्या नावावर. डोमेन, डीएनएस, क्लाउडचे मूळ खाते, एसएमएसचे सेंडर नाव, ॲप स्टोअरचे डेव्हलपर खाते आणि अँड्रॉइड ॲपची साइनिंग की (अपडेट आपलेच आहे हे सिद्ध करणारी डिजिटल किल्ली). पुरवठादार बदलला आणि की त्याच्याकडेच राहिली तर त्याच ॲपला अपडेट देण्याची वाट अडते. नवे ॲप काढून लाखो लोकांना जुने काढा म्हणून सांगत बसावे लागते.

उपलब्धतेची टक्केवारी तासांत लिहा. ९९.५ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे ४४ तास बंद. हे मासिक धरले तर महिन्याला साडेतीन तासांच्या थोडे वर. वार्षिक धरले तर अर्जाच्या शेवटच्या दोन दिवसांत सलग ४० तास बंद राहूनही पुरवठादार नियमात बसतो. मोजणार कोण, कुठून, आणि नियोजित देखभाल त्यात धरायची का, हेही लिहा. पुरवठादाराच्या स्वतःच्या अहवालावर दंड लावणे म्हणजे गंमत आहे.

देयके 'सॉफ्टवेअर पुरवले' यावर नकोत. 'इतक्या शाखांत वापरात आले', 'स्थलांतरित बेरजा जुळल्या' अशा टप्प्यांवर ठेवा आणि चांगला मोठा हिस्सा शेवटी राखून ठेवा.

बाहेर पडण्याचे कलम नुसते लिहून भागत नाही. वर्षातून एकदा पुरवठादाराकडून पूर्ण डेटा खुल्या स्वरूपात, रकान्यांच्या अर्थांसह मागवा आणि वेगळ्या यंत्रावर उघडून पाहा. सोर्स कोडचेही तसेच: दिलेल्या कोडमधून सिस्टिम प्रत्यक्ष बिल्ड होते (चालण्याजोगी तयार होते) का, हे पुरवठादाराच्या माणसाशिवाय करून बघायचे. बहुतेकदा एखादे खासगी लायब्ररी गायब असते.

---

खतावणी

सोर्स कोडबद्दल थोडा मतभेद. सात माणसांच्या कक्षाला चाळीस सिस्टिमचा कोड सांभाळणे जमणार नाही. हट्ट फक्त संस्थेसाठी खास लिहून घेतलेल्या सिस्टिमपुरता धरा. वेतन, हजेरी, दस्तऐवज व्यवस्थापन यांसारख्या गोष्टी तयार उत्पादन म्हणून घ्या आणि तिथे डेटा काढून घेता येणे एवढेच कसून पाहा. आणि तयार उत्पादन घेतले की आपली कार्यपद्धती त्याच्याप्रमाणे बदला. उत्पादनात साठ बदल करून घेतले की पुढची आवृत्ती कधीच बसवता येत नाही.

---

करारकलम

हे मान्य. सर्वांना एकच मोजपट्टी नको.

---

रात्रपाळी

सुरक्षेवर स्वतंत्र प्रकरण लिहून त्यात उपकरणांची यादी टाकू नका. नोंदवहीत प्रत्येक सिस्टिमपुढे दोन आकडे हवेत: किती तासांचा डेटा गेला तर चालेल, आणि किती तासांत सेवा परत सुरू हवी. हे आकडे मालक विभागाने सही करून द्यायचे. सगळे जण 'शून्य आणि शून्य' लिहितात. मग त्याचा खर्च समोर ठेवा, आकडे शहाणे होतात.

आकडे भौतिकतेशी ताडून बघा. ४ टीबी डेटा १ जीबीपीएस लाइनवरून आणायचा तर लाइन पूर्ण क्षमतेने चालली तरी नऊ तास. १०० एमबीपीएसवर पावणेचार दिवस. आराखड्यात 'चार तासांत पूर्ववत' लिहिले आणि प्रत दुसऱ्या केंद्रात १०० एमबीपीएसच्या पलीकडे असली तर ते वाक्य कागदावरच राहणार. बॅकअपच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी, आणि निदान एक अशी की मुख्य प्रशासकाच्या पासवर्डनेही पुसता येणार नाही. रॅन्समवेअरवाले (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे) आधी बॅकअपच शोधतात.

नवी यंत्रे घेतली की सुरक्षा आली, हाही भ्रम. 'वॉनाक्राय' हे रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला पसरले. त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, म्हणजे ५९ दिवस हातात होते. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या निदान एक तृतीयांश ट्रस्टना (सेवा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांना) फटका बसला आणि बाधित यंत्रांपैकी बहुतेक विंडोज ७ वर, म्हणजे तेव्हा आधार असलेल्या पण पॅच न लावलेल्या आवृत्तीवर होती. म्हणून आराखड्यात 'गंभीर पॅच १४ दिवसांत' असा नियम, त्यासाठी महिन्यातली ठरलेली बंद-वेळ आणि ते करणारा हुद्दा, हे तिन्ही लिहा. बंद-वेळ मंजूर नसली की आयटी कक्ष पॅच लावायला घाबरतो, त्यात त्याचा दोष नसतो.

---

मूळनोंद

चौथा प्रश्न राहिला: बदली झाल्यावर आराखडा टिकवणे.

आराखडा दरवर्षी घडणाऱ्याच एखाद्या गोष्टीला बांधा. सर्वांत पक्की गोष्ट म्हणजे अंदाजपत्रकाची मागणी. आयटीची प्रत्येक मागणी आराखड्यातल्या अनुक्रमांकासह जाईल आणि अनुक्रमांक नसेल तर लेखा शाखा परत पाठवेल, असे एक परिपत्रक काढून घ्या. मग वर कोणीही आले तरी वर्षातून एकदा ती फाइल उघडावीच लागते. त्याच वेळी एक वर्ष पुढे सरकवा: दिशा पाच वर्षांची, कामांचा क्रम तीन वर्षांचा, तपशील फक्त येत्या वर्षाचा. पाचव्या वर्षातले महिनावार वेळापत्रक लिहिण्यात अर्थ नाही.

सोबत निर्णयांची नोंदवही. काय ठरले, कुठले पर्याय नाकारले आणि का, कुठली गोष्ट बदलली तर पुन्हा विचार करायचा. नव्या अधिकाऱ्याला नेमके हेच हवे असते. कारण दिसले नाही की तो साहजिकच पहिल्यापासून सुरू करतो.

समितीचे अध्यक्ष संस्थाप्रमुख, आयटी प्रमुख फक्त सचिव. प्रतिनिधी पाठवण्याची मुभा नको. दर बैठकीत 'काय थांबवायचे' हा विषय कायम ठेवा. आयएसओ ३८५०० हे आयटी प्रशासनाचे मानक वरिष्ठांचे काम मुख्यतः मूल्यमापन, दिशा आणि देखरेख असे सांगते. समितीने राउटरचे मॉडेल निवडायला सुरुवात केली की ती भरकटली समजा.

किती कामे एकदम घ्यायची, हा हिशेब माणसांवरून करा. सातपैकी पाच जण रोजचे चालवण्यात जातात. उरले दोन, वर्षाला मिळून सुमारे ४०० मनुष्यदिवस. मध्यम प्रकल्पाला संस्थेच्या बाजूने दीडशे दिवस सहज लागतात, काम पुरवठादार करत असला तरी. म्हणजे एका वेळी दोन, फार तर तीन. गुणांकन करून पंचवीस प्रकल्पांची क्रमवारी लावण्यात वेळ घालवू नका. आपला प्रकल्प वर यावा म्हणून प्रत्येक विभाग गुण फुगवतो. आधी कायद्याने बंधनकारक, मग आधार संपत आलेले, मग ज्याच्यावर दुसरी कामे अडली आहेत ते. एवढे बसवल्यावर जागा उरली तर बाकीचे.

---

कच्चा_मसुदा

शेवटचे दोन: सल्लागार नेमल्यास नेमके काय मागावे? आणि प्रगती मोजायला कुठले निर्देशक?

---

मूळनोंद

सल्लागाराकडून मोजदाद आणि खर्चाची पायाभूत ओळ करून घ्या, दहा-बारा आठवड्यांत. मागणीत स्पष्ट लिहा की नोंदवही संपादन करता येईल अशा तक्त्यात हवी, पीडीएफ नको, आणि तुमचे दोन कर्मचारी प्रत्येक मुलाखतीत बसतील. प्राधान्यक्रम त्याला ठरवू देऊ नका. जो सल्ला देईल त्याला पुढची अंमलबजावणीची निविदा भरता येणार नाही, ही अट पहिल्याच पानावर. एखादी मोठी आर्किटेक्चर चौकट संपूर्ण राबवण्याचा प्रस्ताव आला तर त्यातली चारच चित्रे मागा: सेवा आणि सिस्टिम यांचा नकाशा, डेटा कुठून कुठे जातो, नेटवर्क, आणि तीन वर्षांनंतरचे अपेक्षित रूप.

निर्देशक थोडेच. आधार संपलेल्या सिस्टिमची संख्या. या तिमाहीत बॅकअपमधून यशस्वीपणे परत आणलेल्या सिस्टिम. कार्यालयात खेप न घालता पूर्ण झालेल्या अर्जांचे प्रमाण. अर्ज निकाली निघायला लागणारा मध्यक काळ, सोबत सर्वांत उशिराच्या दहा टक्क्यांचा काळ. सरासरी देऊ नका, रखडलेली प्रकरणे तिच्यात लपतात. 'सुरू केलेली पोर्टल्स' आणि 'डाउनलोड' हे दोन आकडे अहवालात ठेवूच नका.

---

जुना_कोड

एक भर: फॉक्सप्रोच्या सर्वांत मोठ्या फाइलचा आकार जीबीमध्ये, दर महिन्याला, समितीच्या कागदपत्रांच्या पहिल्या पानावर. १.६ च्या पुढे गेला की जुन्या वर्षांच्या नोंदी वेगळ्या टेबलात हलवायला घ्या, पण आधी अहवालांतल्या क्वेरी दोन्ही टेबले वाचतात का ते तपासा.